आठशेला तेराशेचं इंजिन: हौस, खिसा आणि आरसी बुक

सध्या आठ-पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच की घरची जुनी मारुती ८०० दारात पडून आहे, किंवा ओळखीत पन्नास-साठ हजाराला एक मिळतेय, वर लाखभर घालायची तयारी आहे, तर काय काय करता येईल. आता हे 'काय काय' विचारणाऱ्याच्या डोक्यात आधीच ठरलेलं असतं बरं का. मारुती एस्टीमचं तेराशे सीसीचं इंजिन, चौदा इंची अलॉय रिंगा, गाडी खाली बसवायची, फेंडर म्हणजे चाकावरचा पत्रा कापून रुंद करायचे, मागे डबल सायलेन्सर, आणि जमलंच तर लॅम्बो डोअर, म्हणजे वर उघडणारे दरवाजे. आपल्याकडून फक्त 'कर बिनधास्त' एवढंच ऐकायचं असतं.

मी ते म्हणत नाही म्हणून शिव्या खातो. माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या गाडीत किती खोल हात घालायचा हे नुसत्या हौसेवर पण ठरू नये आणि पोलिसाला दिसेल की नाही यावर पण ठरू नये, झालेलं काम कुणा जाणकारासमोर उभं करून पास होईल का यावर ठरावं. तशी तपासणी आज आपल्याकडे नाहीये, सरकारने सरसकट 'नाही' म्हणून हात झटकलेत, आणि ते चूक आहे असं माझं ठाम मत आहे. पण ती येत नाही तोपर्यंत ज्याच्या खिशात लाखभर आहेत त्याने गाडीला ग्राइंडर लावू नये, कारण एवढ्या पैशात कापलेली गाडी कुठल्याच तपासणीत टिकणार नाही हे त्यालाही आतून माहीत असतं.

आधी इंजिनाचंच घेऊ, सगळ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. ८०० चं मूळ इंजिन ७९६ सीसी, तीन सिलेंडर, कार्ब्युरेटरवाल्याची ताकद चाळीस बीएचपीच्या आतबाहेर. एस्टीमचं १२९८ सीसी, चार सिलेंडर, नंतरच्या एमपीएफआयला (कार्ब्युरेटरऐवजी सेन्सरच्या हिशोबाने पेट्रोल सोडणारं इंजिन) ८५ बीएचपी. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे कागदावर तर रॉकेटच. भंगारात एस्टीमचं इंजिन गिअरबॉक्ससकट अजून मिळतं आणि तेही खिशाला झेपेल अशा भावात, इथपर्यंत सगळं खरं आहे. गंमत पुढे सुरू होते. माउंटिंग नवीन करावी लागतात, ती लेथवाला आणि वेल्डर मिळून अंदाजाने करतात. गिअरबॉक्स बदलला म्हणजे चाकापर्यंत जाणारे शाफ्ट जुळवून घ्या. चार सिलेंडरला मूळचा रेडिएटर पुरत नाही, मोठा बसवायचा तर पुढचा पत्रा कापा. एमपीएफआय असेल तर अख्खं वायरिंग, ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टाकीतला पंप, सेन्सर. सायलेन्सरची लाइन नवीन. इथे लाख संपतो. आणि अजून ब्रेकला कुणी बोटसुद्धा लावलेलं नसतं!

ब्रेकचं नाव काढलं की पोरं म्हणतात 'ते बघू नंतर'. मूळ गाडीला पुढे छोट्या डिस्क आणि मागे ड्रम, बारा इंची रिंगेत मावतील एवढेच, आणि कंपनीने ते त्या चाळीस बीएचपीच्या हिशोबाने दिलेत. गाडी ताशी ६० ऐवजी ८५ ने पळायला लागली की थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा जिरवायची असते ती दुप्पट होते, दीडपट पण नाही, दुप्पट, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते, नववी-दहावीच्या विज्ञानातलंच आहे हे. आता आंबा घाटात चौघं बसून उतरताना ते इवलेसे ड्रम किती वेळ साथ देतील याचा विचार ज्याचा त्याने करावा. म्हणजे ज्या कामाने गाडी धोकादायक होते त्याला पैसे आहेत आणि ज्याने ती सावरेल त्याला 'नंतर'. हे मी कुणाला हिणवायला म्हणत नाहीये, बजेट कमी असलं की असंच होतं, आधी जे दिसतं नि ऐकू येतं त्यावर खर्च होतो.

कोल्हापुरात उद्यमनगराच्या बाजूला, किंवा पुण्यात नाना पेठेच्या आसपासच्या गल्ल्यांत, कुठल्याही जुन्या गॅरेजच्या मागच्या अंगाला जाऊन बघा. पुढचं नाक कापलेली, बॉनेट नसलेली, चार टायरमधली हवा गेलेली एखादी तरी झेन नाहीतर ८०० दिसतेच. मालक सुरुवातीला रोज येऊन बसायचा, मग रविवारी, मग फोनवर 'दादा थोडं थांबा, पगार होऊ दे'. गॅरेजवाल्यालाही जागा अडलेली असते आणि तोंड फोडून सांगताही येत नाही. अशी गाडी परत मूळ रूपात येत नाही आणि पुढेही जात नाही, शेवटी किलोवर जाते. अर्धवट राहिलेल्या हौसेत जेवढा पैसा बुडतो तेवढा चालानात पण बुडत नसेल, पण त्यावर कुणी बोलत नाही कारण त्याचा फोटो काढण्यासारखं काही नसतं.

आता 'स्वस्तातलं' म्हणून जे केलं जातं त्यातलं एकच काम जरा जवळून बघू. गाडी खाली बसवायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे स्प्रिंग कापणे. शॉकअप काढायचा, स्प्रिंगचे दीड-दोन वेढे ग्राइंडरने उडवायचे, परत चढवायचं. मजुरी हजार-पंधराशे, गाडी दोन इंच खाली, फोटो नाद खुळा. पण चाक खड्ड्यावरून जाताना क्षणभर खाली लटकतं तेव्हा त्या आखूड झालेल्या स्प्रिंगमध्ये दाबच उरलेला नसतो, ती आपल्या वाटीत सैल होते, किंचित फिरते, आणि परत वजन पडलं की नेमकी जागेवर बसेल याची खात्री नाही. कंपनीचं टोक त्या वाटीत बसेल असं केलेलं असतं, आपलं टोक ग्राइंडरने जिथे उडालं तिथे. वर शॉकअपच्या दांड्याला खालीवर सरकायला जागाच कमी राहिली, म्हणून तो तळाला आपटत राहतो आणि बघता बघता तेल सोडतो. आणि आपले स्पीडब्रेकर! पालिकेने केलेले एक वेळ परवडले, गावातल्या पोरांनी रातोरात घातलेल्या मातीच्या उंचवट्यावर इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटलं की टोचन करून आणायचे पैसे वेगळे.

चाकांचंही तसंच. मूळचं बारा इंची, १४५ मिलिमीटर रुंदीचं टायर, पॉवर स्टिअरिंग नाही. त्याला चौदाची रिंग नि रुंद टायर घातलं की उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना खांदे भरून येतात, वळणावर टायर फेंडरला घासतं, मग फेंडर आतून ठोकून घ्या, मग तिथला रंग जाऊन गंज धरतो. एक सोडवायला गेलं की दुसरं. तेरा इंचापर्यंत नीट मोजून गेलात तर मला काही अडचण वाटत नाही.

खरा प्रश्न पत्र्याचा आहे आणि त्याचं नाव कुणी काढत नाही. या गाड्यांना वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस. जीपचं तसं नाही, तिची बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी खाली लोखंडी सांगाडा उरतो, म्हणून जीपवाल्यांचे किस्से ८०० ला लावू नका. इथे पायाखालचा पत्रा, रनिंग बोर्ड, बॅटरीखालची जागा, अ‍ॅप्रन, मागचं सस्पेन्शन जिथे अडकतं तो भाग, हे सडलं म्हणजे गाडीची हाडंच सडली. कोकणातली किंवा समुद्राजवळ राहिलेली गाडी असेल तर मॅटिंग उचलून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आरपार जातो की नाही. आणि बरेचदा या सडक्या पत्र्यावर पॅच मारून, वर लांबी (पुट्टी) भरून, झकास रंग दिलेला असतो. त्यावर तुम्ही दुप्पट ताकदीचं इंजिन बसवणार. लांबी ही काही ताकदीची वस्तू नव्हे हो, ती फक्त गुळगुळीत दिसते.

मग लाखभर आहेत तर काय करायचं, असं विचारणाऱ्याला माझं उत्तर कंटाळवाणं वाटतं, पण देतो. आधी पत्रा कापून नवीन घालून घ्या, लांबी नव्हे, पत्रा. मग ब्रेकचं सगळं, मास्टर सिलेंडर, होज पाइप, व्हील सिलेंडर, डिस्क, लायनर. सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, नवीन शॉकअप. चार नवीन टायर, मूळ मापाचेच, दहा-बारा हजारात होतात. रेडिएटर नि पाण्याचे पाइप. सीट नीट बांधून घ्या, तीस वर्षांचा फोम बसला की पाठ दुखते आणि दोष मात्र रस्त्याला दिला जातो. मागे पट्टे नसतील तर बसवायचं बघा, २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला तेव्हा आठवडाभर सगळ्या देशाला मागचे पट्टे आठवले होते, नंतर परत विसरले. एवढं केल्यावर गाडी बाहेरून तशीच दिसते पण चालवताना वेगळीच वाटते, आणि ज्यांनी आयुष्यभर ढिल्या बुशची ८०० चालवलीय त्यांना तर हा बदल इंजिन बदलल्याइतकाच वाटतो.

लाइटचं उदाहरण मुद्दाम सांगतो कारण त्यात माझा सगळा मुद्दा येतो. जुन्या ८०० मध्ये हेडलाइटचा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून जातो. बारीक वायरी, काळे पडलेले कॉन्टॅक्ट, वाटेतच व्होल्टेज गळतं आणि बल्ब पिवळट जळतो. यावर लोक काय करतात, तर पांढरेफट्ट एलईडी बल्ब आणून त्याच रिफ्लेक्टरमध्ये कोंबतात. तो रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेप्रमाणे घडवलेला, त्यामुळे उजेड चारी दिशांना उधळतो, तुमच्या रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त. त्यापेक्षा दोन रिले (थोड्या करंटवर चालणारे जास्त करंटचे स्विच), एक फ्यूज, बॅटरीपासून थेट जाड वायर आणि मूळ ६०/५५ वॅटचाच एच४ बल्ब, हे काम चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हजार-दोन हजारात करून देतो. स्विच आता फक्त रिले चालवतो त्यामुळे तोही जळत नाही. उजेडात जमीन-अस्मानाचा फरक. पण हे दिसत नाही ना! बॉनेट उघडून 'हे बघ रिले' असं कोण दाखवणार मित्राला.

रंगाचं म्हणाल तर खुशाल बदला, आरसीवर नोंद करून घ्या म्हणजे झालं. मला स्वतःला मॅट ब्लॅक बघितला की कसंतरी होतं पण तो माझा प्रश्न. सीटकव्हर, स्टिअरिंग, म्युझिक, मीटर, हे सगळं उद्या काढून परत मूळचं लावता येतं. जे काम चार बोल्ट खोलून मागे फिरवता येतं त्यात चूक झाली तरी ती चूक स्वस्त असते.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांबद्दलही बोलायला पाहिजे, नाहीतर ते म्हणतील हा आपलाच माणूस. 'ओरिजिनल' वाले. स्क्रू पण मूळचाच पाहिजे, वायपरवर शिक्का त्याच साली छापलेला पाहिजे, आणि ज्याने जरा काही बदललं तो गाडीचा खुनी. या मंडळींचं मला कौतुक आहे, पण हे तत्त्वज्ञान पैसेवाल्यांचं आहे हे त्यांनी मान्य करावं. आपल्याकडच्या जुन्या गाड्या जगल्याच मुळी बदलून बदलून. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचंच बघा, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही मूळची फियाट ११००, १९७४ पासून पद्मिनी म्हणून विकली जाऊ लागली, पुढे यातल्या कित्येक टॅक्स्या सीएनजीवर गेल्या, वर कॅरिअर चढलं, पत्रा किती वेळा शिवला त्याला गणती नाही, आणि अशा अवस्थेत ती ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. त्यातली कुठली 'ओरिजिनल' होती? ज्याला रोज पोट भरायचंय तो मिळेल तो पार्ट बसवतो. तेव्हा बदल म्हणजे पाप असं काही नाही, फक्त टॅक्सीवाल्याचा बदल गाडी चालती ठेवायला होता आणि आपला दाखवायला, एवढा फरक लक्षात ठेवला तरी खूप.

तरीपण 'ओरिजिनल' वाल्यांच्या बाजूने एक व्यवहाराचा मुद्दा आहे आणि तो कापाकापी करणाऱ्याने ऐकावा. २०२१ ला केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी पाहिजे, मूळ रूपात पाहिजे, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. मग व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणी दहा वर्षांची, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये. १९७४-७५ च्या पद्मिनी आता त्या वयात आल्यात. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर आली, म्हणजे २०३३ च्या अखेरीला तिलाही पन्नास होतील. आज कुणाच्या तरी गोठ्यात धूळ खात पडलेली ती सुरुवातीची ८०० तुम्ही लॅम्बो डोअरसाठी कापलीत तर तो दरवाजा तुमच्यासाठी कायमचा बंद. आणि दुसरीकडे सरकार साध्या जुन्या गाडीला अजिबात सोडत नाही, ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारची रीपासिंगची, म्हणजे नोंदणी वाढवून घ्यायची फी १०,००० रुपये झालीय, पर्यावरण कर वेगळा. पन्नास हजाराची गाडी आणि दहा हजार नुसती फी.

आता येतो सरकारकडे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात जे दिलंय त्याच्याशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंड पण वाढला, बेकायदा बदल केला तर दर बदलामागे ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कायद्यात 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेत असा फेरफार की तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलावं, त्यामुळे सीटकव्हर बदललं म्हणून कुणी आत टाकत नाही. पण एस्टीमचं इंजिन घातलेली ८००? सरळ सरळ बेकायदा, कितीही सुंदर काम केलेलं असू दे, ब्रेक त्याहून मोठे बसवलेले असू देत.

आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे. या कायद्याला चांगलं काम आणि वाईट काम यातला फरकच कळत नाही. ज्याने मेहनतीने, मोजमाप करून, ब्रेकसकट इंजिन बदललं आणि ज्याने रात्रीत वेल्डिंग मारून बसवलं, दोघांचा गुन्हा एकच आणि दंडही एकच. मग पहिला माणूस तसा खर्च करेल कशाला? कायदेशीर होण्याची वाटच नाही म्हटल्यावर सगळेच लपवतात, आणि लपवायचंच आहे तर स्वस्तात लपवतात. विम्याचं उदाहरण घ्या. जून २०२२ ला लागू झालेल्या दरांप्रमाणे हजार सीसीपर्यंतच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता २,०९४ रुपये आणि हजार ते पंधराशे सीसीचा ३,४१६. इंजिन १२९८ चं आणि पावती ७९६ ची. माणूस वरचे तेराशे रुपये भरायला तयार असला तरी भरणार कसा, आरसीवर तर ७९६ च आहे. उद्या कुणाला धडक बसली तर कंपनी हा मुद्दा काढणार नाही असं कुणी छातीठोकपणे सांगेल का? आणि ज्याला धडक बसली त्या बिचाऱ्याने कोर्टाच्या पायऱ्या किती वर्षं झिजवायच्या?

बरं, तपासून मान्यता देणं सरकारला जमत नाही असंही नाही. सीएनजीचंच बघा ना. त्याच कलम ५२ मध्ये इंधन बदलायला सवलत आहे. मान्यताप्राप्त किट, अधिकृत फिटर, आरटीओत नोंद, सिलेंडरची दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी. मागच्या डिकीत २०० बार दाबाचा सिलेंडर घेऊन शाळेच्या पोरांना सोडायला जाणं सरकारला चालतं, कारण ते कुणीतरी तपासलंय. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था बसलीय, जुनी गाडी इलेक्ट्रिक करायची किट तिथे चाचणी होऊन पास होतात, त्यासाठी मानक पण आहे. म्हणजे पेट्रोल इंजिन काढून बॅटरी नि मोटर घातली तर चालेल, पण त्याच कंपनीचं दुसरं पेट्रोल इंजिन घातलं तर नाही. यामागे प्रदूषणाचा विचार आहे हे मला समजतं, पण मग प्रदूषणाचीच अट घाला ना, नवीन इंजिन मूळच्यापेक्षा जुन्या मानकाचं नको, एवढं लिहिलं तरी पुरेल.

बाहेर हे कसं करतात बघा. जर्मनीत टीयूव्हीसारख्या संस्थेचा इंजिनिअर बदल तपासतो आणि तो गाडीच्या कागदावर चढतो, मग पोलिसाशी हुज्जत घालायचं कारणच उरत नाही. ब्रिटनमध्ये तर अनेक वर्षं गुणांची पद्धत चालली, आणि ती मला फार आवडते कारण 'किती बदल म्हणजे जास्त' या प्रश्नाला तिने सरळ आकड्यात उत्तर दिलं. मूळ चेसिस किंवा बॉडी शाबूत असेल तर ५ गुण, सस्पेन्शनला २, अ‍ॅक्सलला २, गिअरबॉक्सला २, स्टिअरिंगला २, आणि इंजिनाला फक्त १. त्या पाचासकट किमान ८ गुण असतील तर गाडीचा जुना नंबर कायम. नाहीतर गाडीची स्वतंत्र चाचणी, आणि क्यू अक्षराचा वेगळा नंबर. म्हणजे ज्या इंजिनासाठी आपल्याकडे एवढी मारामारी, त्याला तिथे सगळ्यात कमी किंमत, आणि ज्या पत्र्याला आपण सहज ग्राइंडर लावतो त्याला सगळ्यात जास्त. या मापाने आपली ८०० मोजली तर इंजिन नि गिअरबॉक्स दोन्ही बदलूनही चौदातले अकरा उरतात. पण रेडिएटरसाठी नाक कापलं, रुंद टायरसाठी आतला पत्रा कापला, लॅम्बो डोअरसाठी खांबाला हात घातला, की बॉडी 'मूळची' म्हणायचीच पंचाईत, आणि पाच गेले की सगळं गेलं. मी जे मघापासून पत्रा पत्रा करतोय ते यासाठी.

यावर लगेच म्हटलं जाईल की गाडी माझी, पैसा माझा, तुम्हाला काय करायचंय. शेतात चालवणार असाल तर काहीच करायचं नाही, खुशाल करा. रस्त्यावर समोरून माझी आई स्कूटीवर येत असते, तेव्हा तुमच्या कापलेल्या स्प्रिंगमध्ये माझाही वाटा आहे. पण हाच न्याय सरकारलाही लावा, समोरच्याच्या जिवाची एवढी काळजी असेल तर आवाजाचा सायलेन्सर पकडून फोटो काढण्यापेक्षा कधीतरी रस्त्यात गाडी थांबवून ब्रेक तपासा. सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतानाचे फोटो पेपरात बरे दिसतात, ब्रेक लायनर तपासतानाचे दिसत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मी टाळत नाही. तपासणी आली म्हणजे आरटीओत अजून एक खिडकी आणि अजून एक एजंट, पैसे दिले की पास, असं लोक म्हणतात आणि अनुभवाने म्हणतात. मान्य. पण आज काय चालतं? रीपासिंगच्या दिवशी मित्राच्या गाडीची मूळ चाकं उसनी आणायची, जुना सायलेन्सर पोटमाळ्यावरून काढून लावायचा, पासिंग झालं की संध्याकाळी परत सगळं होतं तसं. माणसाने नुसतं बघून करायच्या तपासणीत हे होणारच. त्यापेक्षा रोलरवर चढवून चारी चाकांचा ब्रेक मोजणारी यंत्रं आहेत, लाइटचा झोत मोजणारी आहेत, नाशिकला व्यावसायिक गाड्यांसाठी असं केंद्र कित्येक वर्षं चालू आहे आणि आता ठिकठिकाणी स्वयंचलित केंद्रं येतायत. तिथेच बदल केलेल्या खासगी गाडीसाठी एक वेगळा फॉर्म ठेवा, फी हवी तर दुप्पट घ्या, वेल्डिंग नि माउंटिंग बघायला एक इंजिनिअर ठेवा, जमलं तर आरसीवर चढवा, नाही जमलं तर काय कमी पडलं ते लिहून द्या. रोलरवरचा आकडा छापून येतो, त्याच्याशी खेळणं अशक्य नाही पण नुसत्या नजरेच्या पासिंगपेक्षा अवघड नक्कीच आहे. एजंट काय, तो आजही आहेच, फक्त आज तो उसनी चाकं आणून देतो, तेव्हा निदान 'साहेब, आधी ब्रेक करून घ्या, नाहीतर रोलरवर अडकेल' एवढं तरी गिऱ्हाइकाला सांगायची पाळी त्याच्यावर येईल.